अडीच नंबरचा काचपेपर

अण्णा वस्तादाने एकदा भर रस्त्यात एका टांगेवाल्याचं मनगट पिरगळून मोडलं होतं. कारण काय, तर त्याने अण्णाच्या पुढे घोडा घातला. घाटकोपरात ही गोष्ट लोक कौतुकाने सांगायचे. तो टांगेवाला पुढे किती तरी महिने डाव्या हाताने लगाम धरत होता, हे मात्र कुणी सांगत नसे. मी लाकूड कातणारा माणूस. मनगट गेलं की आमचं काय उरतं ते मला ठाऊक आहे, म्हणून त्या गोष्टीतलं मी तेवढंच लक्षात ठेवलं.

तर हा अण्णा एक दिवस माझ्या कारखान्यात येऊन उभा राहिला. कारखाना म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याची शेड, एक मोटर आणि एक लांबलचक लेथ. फिरत्या लाकडावर पटाशी धरायची आणि पलंगाचे पाय, पाळण्याच्या दांड्या, लाटणी काढायची, यावर आमचं पोट. गाव सावंतवाडीकडचं. बाप लाखेची खेळणी कातायचा, मी मुंबईला येऊन पलंगाचे पाय कातू लागलो.

अण्णाच्या मागे माझा धाकटा भाऊ जयवंत हात बांधून उभा होता. आपल्याच कारखान्यात पाहुण्यासारखा उभा राहिलेला बघून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आईबाप गेल्यावर मी आणि माझ्या बायकोने, जानकीने, त्याला वाढवला. आता वीस वर्षांचा झाला होता, अंगाने पोलादी, आणि सकाळ-संध्याकाळ अण्णाच्या तालमीत पडलेला. पाठीवर वेताचे वळ घेऊन घरी यायचा आणि शर्ट काढून मिरवायचा. "वस्ताद सगळ्यांना मारत नाहीत, दादा. ज्याच्यात काही आहे त्यालाच मारतात," असं वर मलाच ऐकवायचा.

मला एकच हवं होतं. याला त्या माणसाच्या तावडीतून सोडवायचा आणि लेथवर आणून बसवायचा. लेथवर त्याचा हात माझ्याहून सरस होता. घासायचा कागद, म्हणजे काचपेपर, ओळखायला तर मी त्याला अगदी लहान असताना शिकवलं. डोळे मिटायचे आणि अंगठ्याचं पेर कागदावरून हलकेच फिरवायचं. नंबर कागदाच्या पाठीवर छापलेला असतो, पण छापलेल्यावर विसंबणारा कातारी नव्हे. एकाच नंबराचे दोन कागद दोन तऱ्हेचे निघतात. जयवंतचा अंगठा कधी फसला नाही.

"नागपंचमीला तालमीत नवा मल्लखांब हवा," अण्णा म्हणाला. "पहिला जयवंत चढेल."

मी नाही म्हणणार होतो. पण मग विचार केला, दुसऱ्या कुणी केला तर तो त्याला काय फासेल ते देव जाणे. ज्या लाकडावर माझा भाऊ उघड्या मांड्या घासणार ते मीच केलेलं बरं. मी हो म्हटलं.

साग चांगला मिळाला. जमिनीत पुरायचा भाग चौकोनी ठेवून वरचं अंग, मान आणि माथ्यावरचं बोंड कातून काढलं. खरं काम त्यानंतरचं, घासायचं. लोकांना वाटतं कागद तो कागद, फिरवला की झालं. एमरी पेपर लोखंडाला ठीक, सागाला लावला तर काळे डाग सोडतो. काचपेपर लाकडाला ठीक, पण त्याची काच सुटते. म्हणून आधी अडीच नंबर, पटाशीच्या रेघा जाईपर्यंत. मग दीड, मग झीरो. प्रत्येक कागदानंतर कोरड्या फडक्याने पुसायचं. शेवटी ओलं फडकं फिरवून लाकूड वाळू द्यायचं आणि वरून खरवताची पानं मारायची. खरवताचं पान मांजराच्या जिभेइतकं खरखरीत असतं आणि त्यात काच नसते. मी ती मुलुंडच्या मागच्या डोंगरातून आणून वाळवून ठेवतो. पान मारून झालं की एरंडेल. आणि एकदा तेल पाजलं की त्या लाकडाला काचपेपर दाखवायचासुद्धा नाही. कोरड्या लाकडावरची काच पुसली जाते. तेलातली काच तेल धरून ठेवतं आणि ती लाकडाच्या रंध्रांत घट्ट बसते. हे कातारी घरातल्या पोराला मुळाक्षरांच्या आधी कळतं.

मी झीरोवर आलो होतो तेव्हा अण्णा जयवंतला घेऊन पुन्हा आला. फिरत्या खांबावर त्याने तळवा ठेवला आणि तोंड वाकडं केलं.

"खालचे दोन हात भरड ठेव," तो म्हणाला.

"का?"

"पोरं वर दमली की सरसर घसरत खाली येतात. खाली सोलून निघणार हे ठाऊक असलं की वर धरून राहतील."

"वस्ताद, वेताने मारता तेवढं पुरत नाही का तुम्हाला?"

पुढचं मला नीट कळलं नाही. त्याचा पंजा माझ्या मानेवर पडला आणि माझं तोंड फिरत्या खांबाकडे खाली गेलं. नाकापासून खांब चार बोटांवर. लाकडाची गरम धूळ डोळ्यांत जात होती. मी लेथच्या कडेला दोन्ही हात रोवून जोर लावत होतो आणि तो काही जोर न लावता मला तिथे धरून होता.

"तालीम मी चालवतो, तू लाकूड चालव," तो माझ्या कानाशी म्हणाला. आवाज अगदी शांत.

जानकीने धावत जाऊन मोटर बंद केली. अण्णाने मान सोडली. मी वळून जयवंतकडे बघितलं. तो दारात उभा होता, जागचा हललाही नव्हता.

"दादा, वस्तादांना उलट बोलू नये," तो म्हणाला.

त्या दिवशी मी जेवलो नाही. पण खांब मात्र मी वरपासून खालपर्यंत सारखा घासला. शेवटच्या बोटभरापर्यंत खरवत मारला, तेल पाजलं, आणि नागपंचमीच्या आधी तालमीच्या अंगणात उभा करून दिला. त्यावरून गाल फिरवला असता तरी ओरखडा उठला नसता.

नागपंचमीला पाऊस उघडला होता. तालमीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका पलीकडच्या ओट्यावर बसल्या होत्या, त्यांत जानकीही होती. जयवंत लंगोट कसून आला, खांबाच्या पाया पडला, अण्णाच्या पाया पडला आणि उडी मारून वरचं अंग धरून वर गेला. खोटं कशाला बोलू, छाती भरून आली. माझ्या लाकडावर माझा भाऊ असा खेळत होता की अंगात हाड आहे की नाही अशी शंका यावी. अंग झेंड्यासारखं आडवं धरून पताका केली तेव्हा लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. क्षणभर मीसुद्धा अण्णाला माफ केलं.

मग तो उतरला. मांड्या आवळून, हात सोडून, घसरत. खालच्या दोन हातांवर आला आणि त्याचा चेहरा बदलला. तरी तो थांबला नाही, थांबता येतच नाही. खाली मातीवर त्याचे पाय टेकले तेव्हा दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूने रक्ताचे ओघळ गुडघ्यापर्यंत आले होते. त्याने हात जोडून लोकांना नमस्कार केला आणि तिथेच बसला. खांबावर लाल पट्टा उठला होता.

मी गर्दीतून घुसून खांबाला हात लावला. तळव्याला चरचरून काप गेला. वाकून बघितलं तर तेलकट लाकडात बारीक काच उन्हाला चमकत होती. कुणीतरी तेलावरून अडीच नंबर फिरवला होता. कुणीतरी कशाला म्हणू, तो सगळ्यांसमोर कमरेवर हात ठेवून उभा होता.

"उतरायची घाई केली त्याने," अण्णा म्हणाला.

मी त्याच्या अंगावर गेलो. तालमीतल्या पोरांनी मला मध्येच धरलं आणि उचलून रस्त्यावर नेऊन टाकलं.

जयवंतला घरी आणला. दाराच्या उजेडात त्याला आडवा करून मी सुई आणि चिमटा घेतला. जानकीने त्याचं डोकं मांडीवर धरलं. एकेक कण उकरायचा, पाण्याच्या ताटलीत टाकायचा, रक्त पुसायचं, पुढचा शोधायचा. "दादा, दुखता रे," एवढं तो एकदाच म्हणाला, पोरवयातल्यासारखं. मग त्याने जानकीचा पदर दातांत धरला. दुपार सगळी त्यात गेली. शेवटी ताटलीचा तळ वाळूसारखा दिसत होता.

मला वाटलं, आता तरी याचे डोळे उघडतील.

"चूक माझी होती," तो छताकडे बघत म्हणाला. "वर दम राखला असता तर घसरायची वेळच आली नसती."

मी त्याच्या थोबाडीत मारणार होतो. मांड्यांकडे बघून हात आवरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लाकडं फोडायची कुऱ्हाड उचलली. जानकी चुलीपाशी होती. तिने मला अडवलं नाही.

"खांब तोडा," ती म्हणाली. "माणूस तोडू नका."

तालमीत पोरं जोर काढत होती. मला कुऱ्हाड घेऊन आलेला बघून ती उठली. अण्णाने हात वर करून त्यांना थांबवलं. तो पाटावर बसून अंगाला तेल चोळून घेत होता.

"माझ्या भावाला सोलायला तुला काच लागली," मी म्हटलं. अहोजाहो संपलं होतं. "आता तू चढ. तू चढून घसरत खाली ये, म्हणजे मी गप घरी जातो."

मला वाटलं होतं की तो चिडेल, माझ्यावर धावून येईल, आणि मग काय व्हायचं ते होईल. तो हसला. पन्नाशी उलटलेला माणूस, पोट थोडं सुटलेलं. उठून त्याने धोतर सोडलं, लंगोट आवळला आणि खांबाला मिठी मारून वर चढला. बोंडावर क्षणभर बसला. खाली माझ्याकडे बघितलं. मग मांड्या आवळल्या, दोन्ही हात आडवे पसरले आणि खाली आला. मुद्दाम हळू आला. कातडं फाटताना जो आवाज होतो तो मी ऐकला, आणि तो माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

खाली आल्यावर तो सरळ उभा राहिला. रक्त पावलांवर ठिबकत होतं. चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलली नव्हती.

"अजून काय?" त्याने विचारलं.

सगळी पोरं त्याच्या पायांवर पडली. काही रडत होती. तेव्हा मला कळलं की मी हरलो. त्याने खांबाला काच लावली ते सगळे विसरले होते, आणि तो काचेवरून उतरला ते ही पोरं मरेपर्यंत सांगणार होती. माझं डोकं फिरलं. मी कुऱ्हाड उचलून खांबाच्या बुंध्यात घातली. एक घाव. दुसरा घाव. सागाची चांगली मोठी ढलपी उडाली.

मग पोरं माझ्यावर तुटून पडली. लाथा, बुक्क्या, वेत. तोंडात माती आणि रक्त. मी कुऱ्हाड सोडली नव्हती, म्हणून एकाने माझ्या उजव्या मनगटावर लाठी घातली, पूर्ण ताकदीने. हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, कळ नंतर आली. वर बघितलं. लाठी जयवंतच्या हातात होती. मांड्यांना बांधलेल्या फडक्यांतून रक्त पाझरत होतं. तो अंथरुणातून उठून, लंगडत, माझ्या मागून तिथवर आला होता. त्या लाठीची मूठ मीच कातून दिलेली.

अण्णाने आपल्या मांड्यांतली काच कुणाला काढू दिली नाही. वस्तादाच्या अंगाला चिमटा कोण लावणार? वर हळद आणि कुस्तीच्या हौद्यातली लाल माती थापली. आठवड्याभरात त्याचा जबडा धरला, मग पाठ धनुष्यासारखी वाकू लागली. धनुर्वात. शेवटी चार पोरांना त्याला खाटेवर दाबून धरावं लागत होतं असं ऐकलं. तो गेला तेव्हा मी दुःख केलं नाही, आनंदही केला नाही. माझं मनगट फळ्यांत बांधलेलं होतं आणि मला रात्रंदिवस ठणका लागला होता.

जयवंत घरी आला तो फक्त आपली वळकटी न्यायला.

"तू मारलंस त्यांना," तो म्हणाला.

"त्याच्याच हातची काच होती ती."

"तू चढायला लावलंस."

"मग तुला कुणी लावलं होतं?"

तो वळकटी उचलून गेला. तालमीत राहू लागला. पोरांनी त्यालाच वस्ताद केला.

माझं मनगट जुळलं, पण वाकडं. पटाशी धरता येईना. मी डाव्या हाताने धरायला शिकलो आणि कागद मारायला जानकी उभी राहू लागली. तिचा हात चांगला बसला, पण कागद निवडताना तिचं चुके. झीरोच्या जागी एक नंबर उचलायची. मी ओरडायचो, तीही उलट ओरडायची. असा दिवाळीपर्यंत आमचा धंदा कसाबसा रेटला.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी जयवंत आला. हातात अण्णाचा वेत होता. भिंतीवरच्या खिळ्यांना कागदांच्या चळती लटकत होत्या, तिकडे बघत तो म्हणाला, "अडीच नंबर दे."

"कशाला?"

"तुका ठावक आसा कशाक."

"सांग."

"तुझ्या कुऱ्हाडीचा घाव तासून घेतला मी. तासल्यावर खालचं अंग गुळगुळीत झालं. नवी पोरं घसरतात."

जानकीने लेथवरून मान वर केली. "किती मोठी पोरं?" तिने विचारलं.

"आहेत दहा-बारा वर्षांची. या वयातच वळण लागतं, वहिनी."

मी पटाशी पुसत राहिलो. मग त्याने मला विचारायचंही सोडून दिलं आणि स्वतःच भिंतीपाशी गेला. डोळे मिटले. अंगठ्याचं पेर एका चळतीवरून फिरवलं, दुसऱ्या चळतीवरून फिरवलं, तिसरीवर थांबला. त्यातला एक बाजूला सारला, त्याच्या खालचा काढला. बरोबर काढला. वरच्याची धार मेलेली होती, खालचा ताजा होता. हे त्याला मी शिकवलं होतं, माझ्या मांडीवर बसवून, त्याचा एवढासा अंगठा माझ्या हातात धरून.

त्या क्षणी मला जेवढं रडू आलं तेवढं आई गेली तेव्हाही आलं नव्हतं. आणि जेवढा राग आला तेवढा अण्णाचाही कधी आला नव्हता.

शेजारी शिसवी पलंगाचे पाय रचून ठेवले होते. मी डाव्या हाताने एक उचलला. जयवंतने कागद खिळ्यावरून काढला होता, उजवा हात अजून भिंतीवर होता. मी त्या मनगटावर घाव घातला. पहिल्याने तो नुसता ओरडला. म्हणून दुसरा घातला. दुसऱ्याने मोडलं.

जानकीने मोटर बंद केली. शेडमध्ये एकदम शांत झालं. जयवंत भिंतीला पाठ लावून खाली घसरला आणि हात पोटाशी धरून बसला. माझ्याकडे बघत होता, पण एकदाही "का" असं त्याने विचारलं नाही. जानकी बांबूच्या कामट्या आणि फडकं घेऊन त्याच्यापाशी बसली आणि हात बांधू लागली. मान वर न करता मला म्हणाली, "आता त्या अण्णात नि तुमच्यात काय फरक रवलो?"

"अण्णाने पोर नेला," मी म्हटलं. "मी परत आणला."

लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. म्हणतात, दोघे भाऊ एकमेकांचे हात मोडून एका लेथवर बसले. म्हणोत. जयवंतच्या मनगटाने परत ना मल्लखांब धरला, ना वेत. वस्तादाशिवाय तालीम वर्षभरात बंद पडली. खांब तिथेच उभा आहे, त्याला कुणी हात लावत नाही. घाटकोपरातल्या कुठल्या पोराची मांडी त्यावर पुन्हा फाटली नाही. मला पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन, आणि या वेळी एका घावात करीन.

जयवंत आता माझ्याकडे काम करतो. जेवतो, झोपतो, कामावर उभा राहतो, पण माझ्याशी एक शब्द बोलत नाही. जे सांगायचं ते जानकीला सांगतो. लाकूड कातून झालं की मी मोटर चालू ठेवून हात मागे करतो. तो डोळे मिटतो, डाव्या अंगठ्याने चळत चाचपतो आणि एक कागद माझ्या हातात देतो. फिरत्या लाकडावर तो कागद मलाच धरायचा असतो, उघड्या बोटांनी. भलता भरड कागद लाकडात अडकला की बोटंही ओढून नेतो. चुकीचा कागद द्यायला त्याला रोज किती तरी संधी आहेत. अजून एकदाही दिलेला नाही. तरी लावण्याआधी मी त्यावरून स्वतःचा अंगठा फिरवून बघतो, आणि मी बघतो तेव्हा तो माझ्याकडे बघत असतो.